पहिलं सिझर झालंय, दुसरं बाळंतपण राजूरला माहेरी करावं की पुण्यात?

रानजाई

नमस्कार. मला २६वा आठवडा चालू आहे, तारीख १४ ऑगस्टची दिलीय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

थोरली मुलगी पावणेतीन वर्षांची. ती पायाळू होती, शेवटपर्यंत फिरली नाही, म्हणून ३९व्या आठवड्यात ठरवून सिझर केलं. पुण्यातच, घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये. कळा कशा असतात ते मला माहीतच नाही. या वेळी नॉर्मल व्हावं असं मनापासून वाटतं. मागच्या वेळी पाजायला बसताना टाका ओढायचा, कुशीवर वळायचं तरी कुणाचा तरी हात लागायचा. आता घरात एक लहान मूल आधीच आहे. आईने महिना-दीड महिना कडेवर घ्यायचं नाही, हे तिला कसं समजावू?

मी सध्याच्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. "बघू, शेवटी ठरवू" एवढंच म्हणतात. नाही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. शेजारच्या काकू ठामपणे सांगतात की एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर.

आई म्हणते, सातव्यात ओटी भरून माहेरी ये. माहेर राजूरच्या पुढे, तिथून अकोल्याला (संगमनेरजवळचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) यायला पाऊण-एक तास लागतो. अकोल्यात एका डॉक्टरांकडे माझ्या वहिनीची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली, त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. पुण्यात सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट बदलती. मी बँकेत आहे, २६ आठवड्यांची रजा मिळेल, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येते.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.८, शुगर टेस्ट ठीक, बीपी ठीक, रक्तगट ए पॉझिटिव्ह. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) वर आणि मागच्या बाजूला आहे असं लिहिलंय.

माहेरी जाऊ का? आणि डॉक्टरांशी या विषयावर नीट कसं बोलू?

सिस्टरताई

बाळा, मी जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये नोकरी करून निवृत्त झाले. डॉक्टर नाही, त्यामुळे तुझा निर्णय मी देणार नाही. पण कुठे काय विचारायचं ते सांगू शकते.

आधी तुझ्या बाजूच्या गोष्टी. पहिलं सिझर पायाळू म्हणून झालं. हे कारण दर वेळी येईलच असं नसतं. कमरेच्या हाडांचा सांगाडा लहान आहे, डोकं अडकलं, कळा देऊनही पुढे सरकलं नाही, अशा कारणाने झालं असतं तर वेगळा विचार करावा लागला असता. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर पडतंय, तेही चांगलं. दीड-दोन वर्षांच्या आत दुसरं झालं तर जुन्या टाक्यावर ताण जास्त येतो. वार वर आहे, म्हणजे जुन्या टाक्यावर येऊन बसलेली नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. आधी सिझर झालेल्या बाईची वार खाली असली की आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची.

आता एक काम याच महिन्यात कर. मागच्या ऑपरेशनची नोंद मिळव. डिस्चार्ज कार्डावर नुसतं सिझर लिहिलेलं असलं तर पुरत नाही. पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून गर्भाच्या पिशवीवरचा छेदही आडवाच असेल, असं गृहीत धरायचं नसतं. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. उभा, वरपर्यंत गेलेला असेल तर नाही, मग कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर. डॉक्टरांना रुग्णाच्या नोंदी ३ वर्षं जपून ठेवाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. तुझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे, म्हणून म्हणते उशीर करू नकोस. लेखी अर्ज दे, त्यावर पोच घे.

शेजारच्या काकूंचं म्हणणं जुन्या काळचं आहे. तेव्हा पिशवीवर उभा छेद घ्यायचे, म्हणून तो नियम पडला. आज सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या १०० बायकांत साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं. आधी एक तरी नॉर्मल झालेलं असेल तर त्याहून जास्त. तुझं झालेलं नाही, त्यामुळे तू या आकड्यांच्या आत कुठेतरी बसतेस.

धोका काय, तर कळा चालू असताना जुना टाका उसवणं. साधारण २०० प्रयत्नांत एखादीच्या बाबतीत होतं. क्वचितच. पण झालं की आई आणि बाळ दोघांचाही जीव पुढच्या काही मिनिटांवर असतो. म्हणून बाळंतपण कुठे करायचं याचा निर्णय मी एकाच गोष्टीवर घेईन: रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर त्या इमारतीत कोण कोण हजर असेल? ऑपरेशन थिएटर तिथेच आहे का? भूलतज्ज्ञ तिथेच असतात की फोन करून बोलवावे लागतात? रक्तपेढी आवारात आहे की गाडी पाठवून रक्त आणावं लागतं? बाळाला त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता कक्ष कुठे?

तालुक्याच्या गावांत एकच भूलतज्ज्ञ चार-पाच ठिकाणी जातात. ते एका ठिकाणी भूल देत बसलेले असताना दुसरीकडे निकड आली तर कुणाचाच दोष नसतो, पण वेळ जातो. तुझ्या वहिनीची दोन्ही बाळंतपणं टाका नसलेल्या पिशवीवर झाली, म्हणून तिचा अनुभव तुला लावता येणार नाही. अकोल्याचे ते डॉक्टर चांगलेच असतील. त्यांना फोन करून हेच प्रश्न विचार. माझ्या पाहण्यात असे अनुभवी डॉक्टर स्वतःच सांगतात, "हिला मोठ्या ठिकाणी न्या, इथे नको." तसं सांगणाऱ्याचे आभार मान.

पुण्यातल्या डॉक्टरांनाही नुसतं "नॉर्मल होईल का" असं विचारू नकोस, त्यावर "बघू" हेच उत्तर येतं. असं विचार: सिझरनंतरची नॉर्मल तुमच्याकडे होते का? शेवटची कधी झाली? कळा चालू असताना तुम्ही स्वतः थांबता का? बाळाचे ठोके सतत मशीनवर बघता का? तारीख उलटली आणि कळा आल्या नाहीत तर काय करणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. सिझर झालेल्या बाईला कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देत नाहीत, टाका उसवण्याचा धोका वाढतो. सलाईनमधून कळांचं औषध फार जपून देतात. त्यांच्याकडे होतच नसेल तर ३२-३४ आठवड्यांपर्यंत दुसरे डॉक्टर बघ. नववा लागल्यावर नवीन ठिकाणी गेलीस तर तेही बिचकतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात खासगी दवाखान्यांतली १०० पैकी ४७ बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४. हा फरक मनात ठेवून प्रश्न विचार, पण डॉक्टरांना चोर समजून विचारू नकोस. एकट्या डॉक्टरच्या नर्सिंग होमला रात्रभर माणसं उभी ठेवणं खरंच जमत नाही.

हिमोग्लोबिनबद्दल वेगळं लिहिते, आत्ता निघायचंय.

प्राजक्ता_नाशिक

रानजाई, मी हा प्रयत्न केला होता आणि शेवटी सिझरच झालं. तरी सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही.

नाशिकला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नाव घातलं होतं. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत पिशवीचं तोंड छान उघडत होतं, मग सात सेंटिमीटरवर थांबलं ते थांबलंच. बाळाचं डोकं वळलेलं नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला आठव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं की किती तास वाट बघणार आणि कशावरून थांबणार. त्यामुळे संध्याकाळी त्या आत येऊन म्हणाल्या "आता नको", तेव्हा नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि सही केली. धावपळ, आरडाओरडा काही नाही. हे आधीचं बोलणं सगळ्यात उपयोगी पडलं.

एक आठवण करून देते, पैशांचं आधी विचार. नॉर्मलचं किती, नॉर्मलचा प्रयत्न करून सिझर झालं तर किती, बाळाला काचेच्या पेटीत ठेवायला लागलं तर रोजचं किती. कंपनीच्या ग्रुप विम्यात बाळंतपणाला वेगळी मर्यादा असते, ती एचआरकडून लिहून घे. आमच्याकडे बाळाच्या दोन दिवसांचा खर्च त्या मर्यादेबाहेर गेला होता.

चिंचेचं_झाड

मी वेगळं मत मांडते. माझी दोन्ही सिझर. दुसरं ठरवून केलं, तारीख आधी माहीत होती, थोरल्याला आजीकडे सोडलं, सकाळी गेले, दुपारी बाळ हातात. कळांची भीती नाही, मध्यरात्रीची पळापळ नाही. नवऱ्याची शिफ्ट बदलती आहे म्हणतेस, तर हे सोयीचं नाही का? नॉर्मलचा एवढा अट्टहास कशाला? त्यात दोष कुणाचाच नाही, पण सिझर झालेली बाई कमी नसते, एवढंच म्हणायचंय.

सिस्टरताई

चिंचेचं झाड, तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ठरवून सिझर करणं हाही चांगला निर्णय आहे आणि तो घेणाऱ्या बाईला कुणी बोल लावू नये. रानजाई, यात दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. तिसरं मूल हवं असेल तर दर सिझरगणिक पुढच्या वेळी वार खाली येण्याचा आणि जुन्या टाक्याला घट्ट चिकटून बसण्याचा धोका वाढतो, आणि ते प्रकरण फार रक्त घेतं. दोनच पुरेत असं असेल तर हा मुद्दा मागे पडतो.

दुसरं म्हणजे ठरवून करायचं तर ३९वा आठवडा लागू द्या. आपल्याकडे गुरुजींना मुहूर्त विचारून ३७व्या आठवड्यात बाळ काढायला सांगणारे घरचे लोक मी पाहिलेत. बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते शेवटचे दिवस लागतात. चांगलं नक्षत्र साधायचं म्हणून बाळ आईच्या कुशीऐवजी ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, तर त्या मुहूर्ताचा उपयोग काय? यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता हिमोग्लोबिन. गरोदरपणात ११ च्या वर हवं, तुझं ९.८ आहे. घाबरण्यासारखं नाही, पण अजून तीन महिने हातात आहेत, ते वापर. साध्या बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त जातं, सिझरमध्ये एक लिटरपर्यंत जाऊ शकतं. तुझ्यापुढे दोन्ही शक्यता आहेत, म्हणून अंगात साठा हवा. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नकोस. कॅल्शियमची गोळी आणि ती एकत्र नको, मध्ये दोन तास तरी जाऊ दे. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतलीस तर पोटाला सोसते आणि लागूही पडते. शौचाला काळं होईल, ते चालतं. जंताची गोळी घेतली नसशील तर डॉक्टरांना विचार. महिन्याने परत तपास, वाढलं नसेल तर शिरेतून लोह देतात, त्याला नाही म्हणू नकोस. खजूर, बीट, अळीव सगळं खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नकोस.

आशाताई_अकोले

मी अकोले तालुक्यातच आशा म्हणून काम करते, म्हणून राहवलं नाही. ताई, तुमची तारीख १४ ऑगस्ट. राजूरच्या पुढे भंडारदऱ्याकडे आषाढ-श्रावणात पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहेरवाशीण म्हणून मी सांगायला नको. झाड पडून रस्ता बंद होतो, लाइट जाते, लाइट गेली की टॉवर जातो. १०८ला फोनच लागला नाही तर गाडी येणार कुठून? आमच्या वाड्यांतल्या जोखमीच्या बाया आम्ही तारखेच्या आधीच खाली आणून ठेवतो. तुम्ही पुण्यातून उलट वर यायचं म्हणताय. आईंची माया मला कळते, पण या पावसात टाका असलेली बाई वाडीवर नको.

खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससून आहे, तुमच्या बाजूला पिंपरीचं वायसीएम आहे. मोठी रुग्णालयं, रात्रंदिवस डॉक्टर. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून सिझर, औषधं, रक्त, तपासण्या मोफत असतात, घरी सोडायला गाडीसुद्धा. गर्दी असते, खाट मिळेल का, सोबत कोण थांबू शकतं, ते आधी जाऊन बघून या. सोबतीला घरच्या एका बाईला आत थांबू द्यावं असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, तुम्ही विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, दुसरं मत हवं असेल तर त्या दिवशी जाता येईल.

आणि माता बाल संरक्षण कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. खासगीत जाणाऱ्या ताया ते काढत नाहीत, मग बाळाच्या लसींच्या वेळी शोधाशोध होते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बरंच काही झालं, ते लिहिते.

जुन्या नर्सिंग होममध्ये अर्ज दिला. त्यांनी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत दिली. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद, दोन थरांत टाके, वाढीव चीर नाही, असं त्यात लिहिलंय. नंतर अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला. सिस्टरताई, तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं. ते म्हणाले, "बाळ, तुझी वहिनी वेगळी, तू वेगळी. माझ्याकडे भुलीचे डॉक्टर संगमनेरहून येतात. तू पुण्यातच राहा. बाळ झाल्यावर दाखवायला आण."

हे आईने त्यांच्याच तोंडून ऐकलं म्हणून बरं झालं, मी सांगून तिला पटलं नसतं. रडली थोडी. मग म्हणाली, आषाढी झाली की मीच येते पुण्याला, सव्वा महिना तिथे काढू, मग तुला, बाळाला आणि थोरलीला घेऊन गावी जाऊ.

सध्याच्या डॉक्टरांना तुमचे प्रश्न तसेच विचारले. त्या जरा थांबल्या आणि मोकळेपणाने म्हणाल्या की सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न त्या स्वतःच्या जागेत करत नाहीत, रात्री माणसं नसतात. पण त्या ज्या मोठ्या हॉस्पिटलला जोडलेल्या आहेत तिथे करता येईल, तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी दोन्ही आहेत. ३२व्या आठवड्यात तिथे नाव घालू म्हणाल्या. खर्च जवळजवळ दीडपट आहे. नवरा वायसीएमही बघून येणार आहे, मग ठरवू.

एक प्रश्न राहिला. कळा कमी करायचं ते पाठीतलं इंजेक्शन मला घेता येईल का? मावशी म्हणते की ते घेतलं तर टाका उसवला तरी कळणार नाही.

सिस्टरताई

घेता येतं. मावशीसारखंच आधी पुष्कळांना वाटायचं. पण टाका उसवायला लागला की बहुतेक वेळा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांत दिसते, आणि ते सतत मशीनवर बघायचेच असतात. शिवाय पाठीत नळी आधीच असली आणि सिझर करावं लागलं तर त्याच नळीतून भूल वाढवता येते. भूलतज्ज्ञांना ३६व्या आठवड्यात एकदा भेटून घे, ऐन वेळी समजून घेण्याइतकं भान नसतं.

आईंना आत्ताच सांगून ठेव, कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल किंवा कुठलाही काढा द्यायचा नाही. पहिलटकरणीला आम्ही "कळा वाढू दे, मग ये" म्हणायचो, ते तुला लागू नाही. तू पहिल्या नियमित कळांना निघायचं. दोन कळांच्या मध्येही पोट दुखायचं थांबत नसेल, टाक्याच्या जागी सतत ठणकत असेल, अंगावरून लाल जात असेल, पाणी गेलं असेल, बाळ फिरायचं कमी झालं असेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर कुणाला विचारत बसायचं नाही. नवरा चाकणला असेल त्या वेळी तुला गाडीत घालून नेणारा माणूस कोण, त्याचं नाव आणि नंबर फ्रिजवर लाव, आणि थोरलीला कोण बघणार तेही ठरव. सासूबाईंच्या गुडघ्यांवर तो भार टाकू नकोस, आई येईपर्यंत शेजारच्या त्या काकूंना विचार. मतं जुनी असली तरी रात्री दार उघडणारी माणसं तीच असतात.

ऑपरेशनच्या नोंदीची प्रत, रक्तगटाचा कागद आणि सगळ्या सोनोग्राफी एकाच पिशवीत ठेव. महिन्याने हिमोग्लोबिन किती आलं ते कळव. आणि ३६व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डोकं खाली आहे का ते बघ. हेही पायाळू निघालं तर पुन्हा बोलू, तेव्हा बाळ बाहेरून फिरवायचं की सिझर करायचं हे तुझ्या डॉक्टरांना विचारावं लागेल.